चौऱ्याण्णववर अडलेली तार

चि. नंदू,

तुझा मेसेज मिळाला. मोबाइलला वायफायवर २८० मेगाबिट मिळतात आणि वायर जोडलेल्या नव्या मिनी कॉम्प्युटरला ९४, तेव्हा राउटर बदलू, तीनशेचा प्लॅन पाचशेचा करू, की मिनीच परत पाठवू, असं विचारलंयस. तिन्ही नको. का ते सांगायला मेसेजची जागा पुरणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र. काम आटोपल्यावर निवांत वाच, आणि वाचता वाचता मधेच उठून भिंतीतलं सॉकेट उघडायला जाऊ नकोस.

तुझी लाइन ठणठणीत आहे, हे आधी मनात पक्कं कर. मोबाइलला मिळणारे २८० त्याच फायबरमधून आणि नेटवाल्याच्या त्याच बॉक्समधून येतात. हेल्पलाइनवर भांडून काही निघायचं नाही. पाचशेचा प्लॅन घेतलास तर आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी अशी गत होईल: मोबाइलचा आकडा वाढेल, मिनीला ९४ चेच ९४.

आता तो आकडा. नेट खरोखर मंद असतं तेव्हा आकडा भटकतो. सकाळी १८०, रात्री ६०, मधेच कधी १३०. तुझा भटकत नाही. तू पाठवलेल्या सगळ्या स्क्रीनशॉटांत तो ९३ आणि ९५ च्या मधेच आहे, पहाटेचा असो की रात्री दहाचा. इतका शिस्तीचा आकडा गर्दीतून येत नाही, तो ठरवून दिलेल्या मर्यादेतून येतो. ईथरनेटच्या तारेला दीडशे, तीनशे असले मधले वेग माहीतच नाहीत. ती १० वर चालते, १०० वर चालते, १,००० वर चालते, आणि अलीकडच्या यंत्रांत २,५०० वर. तार खोचली की दोन्ही टोकांची यंत्रं आपसांत बोलणी करतात आणि यांतला एक वेग ठरवतात. तुझ्याकडे ती बोलणी शंभरवर आटोपली आहेत.

मग पुरते १०० का दिसत नाहीत? तारेवरून जाणारं प्रत्येक मोठं पॅकेट १,५३८ बाइटांची जागा अडवतं. सुरुवातीची खूण, कुणाकडून कुणाकडे हे पत्ते, शेवटी तपासणीचा आकडा आणि पुढच्या पॅकेटआधी सोडायचं सक्तीचं अंतर, हे सगळं त्यात आलं. तुझ्या कामाचा मजकूर त्यातला १,४६० बाइट, कधी १,४४८. भागाकार करून बघ, ९४ ते ९५ टक्के येतात. म्हणून शंभरच्या तारेवर स्पीड टेस्ट ९४ दाखवते आणि हजारच्या तारेवर, प्लॅन तेवढा असेल तर, ९४० च्या आसपास. कुणी मला फोनवर नुसतं 'वायरला ९४ येतात' म्हणालं तरी पुढचं ऐकायची गरज उरत नाही.

तरी खातरजमा कर. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग ईथरनेट असं उघड. तिथे लिंक स्पीड म्हणून एक ओळ असते. ती १००/१०० दाखवत असेल तर दोष बॉक्स ते मिनी या काही मीटरांत आहे, आणि या पत्राचा पहिला भाग तुझ्यासाठी. १०००/१००० दाखवत असेल तर मी वर लिहिलेलं मागे घेते आणि तू सरळ शेवटाकडे ये. पण ती शंभरच दाखवेल.

यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक बदलानंतर स्पीड टेस्ट नाही, ही लिंक स्पीडची ओळ बघायची. स्पीड टेस्टमध्ये साऱ्या दुनियेची गर्दी मिसळलेली असते. लिंक स्पीड फक्त तुझ्या तारेबद्दल बोलतो. तार, पोर्ट आणि ड्रायव्हर असं सगळं एकदम बदलून 'चालू झालं' म्हणणारी मुलं मी कॉलेजच्या लॅबमध्ये पुष्कळ पाहिली. पंधरा दिवसांनी ते पुन्हा बंद पडतं, आणि पहिल्यांदा कशाने चालू झालं होतं हे कुणालाच सांगता येत नाही.

मिनी कॉम्प्युटरची खरी सोय इथे कामाला येते. मॉनिटरच्या पाठीवरून तो सोडव, ॲडॅप्टरसकट हॉलमध्ये फायबरच्या बॉक्सपाशी ने आणि टीव्हीलाच एचडीएमआय लावून चालू कर. बाजारातून तयार, कंपनीत प्लग बसवलेली कॅट ६ ची लहानशी पॅच कॉर्ड आण, दोन-तीनशे रुपयांत येते. ती थेट बॉक्समधून मिनीत लाव. बेडरूमपर्यंतची भिंत, सॉकेटं, जुन्या तारा, सगळं या चाचणीतून बाहेर पडलं.

इथे लिंक स्पीड १,००० झाला तर मिनी निर्दोष आणि चोर भिंतीत. शंभरच राहिला तर बॉक्सच्या पाठीमागची अक्षरं वाच. आपल्याकडे नेटवाले देतात त्या बऱ्याच बॉक्सांवर सगळी पोर्टं सारखी नसतात. एकावर जीई लिहिलेलं असतं आणि बाकीच्यांवर एफई. जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे शंभर. बसवायला येणारा मुलगा हाताला येईल त्या पोर्टात तार खोचून जातो, आणि गिगाबिटच्या पोर्टात वर्षानुवर्षं सेट टॉप बॉक्स सुखाने नांदतो. तुझ्या तारेची जागा तेवढी बदलून काम झालं तर पुढचं वाचूही नकोस.

मधे एखादा स्विच आहे का, तेही बघ. दादाने सायबर कॅफे चालवला त्या काळातला निळा पाच पोर्टचा स्विच माळ्यावर होता, आणि दादा काही टाकून देत नाही. तो कुठे टीव्हीमागे जोडलेला असेल तर त्याच्यावरच्या 'फास्ट ईथरनेट' या अक्षरांना भुलू नकोस. ते १९९५ च्या मानाने फास्ट होतं, शंभरचं. असा एक स्विच मधे असला की त्याच्या पलीकडचं सगळं शंभरवर. मिनीला यूएसबीचं लॅन ॲडॅप्टर किंवा हब लावून तार जोडली असशील तर तोच प्रश्न हबला विचार. स्वस्त हबमधलं लॅन पोर्ट सर्रास शंभरचं असतं. ते गिगाबिटचं असलं तरी यूएसबी २ च्या पोर्टात खोचलं तर तीनशेच्या आसपास दमतं.

तुझा तो मित्र, ज्याने रास्पबेरी पायवर घरचा सर्व्हर केलाय, त्यालाही हे सांग. पाय ३ पर्यंतच्या बोर्डांवर पोर्टच शंभरचं आहे, त्याने तार सोन्याची लावली तरी ९४ च येणार. २०१८ च्या ३ बी प्लसवर गिगाबिटचं पोर्ट आलं, पण आतून ते यूएसबी २ वरच टांगलेलं, त्यामुळे तेही तीनशेच्या घरात थांबतं. २०१९ च्या पाय ४ पासून खरं गिगाबिट मिळालं. तुझ्या मिनीच्या खोक्यावर काय लिहिलंय ते वाच. गिगाबिट किंवा २.५ जी लिहिलं असेल तर यंत्राकडून अडचण नाही.

माझी पैज भिंतीवर आहे. का, ते सांगते.

लॅनच्या तारेत आठ वायरी असतात, दोन-दोन पिळलेल्या, म्हणजे चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. शंभरच्या वेगाला यांतल्या दोनच जोड्या लागतात, नारिंगी आणि हिरवी. निळी आणि तपकिरी नुसत्या पडून असतात. १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवरच्या गिगाबिटचं प्रमाण ठरलं तेव्हा चारही जोड्या कामाला जुंपल्या गेल्या. आता गंमत अशी, की वेग ठरवण्याची जी सुरुवातीची बोलणी होतात ती मात्र अजूनही पहिल्या दोन जोड्यांवरूनच होतात. म्हणजे निळी तुटलेली असली तरी दोन्ही यंत्रं एकमेकांना 'हजारवर चालू' असं आनंदाने कबूल करतात, प्रयत्न करतात, चारही जोड्या सापडत नाहीत, आणि बरीच यंत्रं मग गुपचूप शंभरवर उतरतात. कुठे तक्रार नाही, सूचना नाही. पोर्टावरचा दिवा लुकलुकतो, पानं उघडतात. 'वायर बरोबर आहे मॅडम, लाइट लागतोय ना' हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं. दिवा लागतो त्याला दोन जोड्या पुरतात.

तुमच्या घरात निळी-तपकिरी कुठे गेली असेल याचे दोन अंदाज आहेत. पहिला, वायरमनने एकाच तारेत दोन कामं केली असतील. लँडलाइनच्या काळात ही सर्रास युक्ती होती: दोन जोड्या नेटला, उरलेल्यांतली एक टेलिफोनला, पाइपात दुसरी तार ओढायचा त्रास वाचला. दादाच्या बेडरूममध्ये फोनचा जॅक आणि लॅनचं सॉकेट एकाच प्लेटवर आहेत हे मला आठवतंय, आणि ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. दुसरा अंदाज पुराचा. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी भरलं तेव्हा तुमच्या तळमजल्याच्या पाइपांत गाळ शिरला होता. विजेच्या वायरी तुम्ही नंतर बदलल्यात, लॅनच्या तारेकडे कुणी बघितलं असेल असं वाटत नाही. सॉकेटच्या आतल्या पट्ट्यांवर हिरवा थर चढला की एखादी वायर तिथल्या तिथे मरते.

तर भिंतीतलं सॉकेट आता उघड. स्क्रू काढून प्लेट पुढे ओढ. मागे रंगीत खाचा दिसतील, प्रत्येक खाचेत त्याच रंगाची वायर दाबलेली हवी. आठ आहेत का? की चार दाबलेल्या आणि चार गुंडाळून मागे खुपसलेल्या? गुंडाळलेल्या दिसल्या तर प्रश्न सुटला. लँडलाइन तुम्ही केव्हाच बंद केलीत, त्या वायरी तिच्यासाठी राखून ठेवायचं कारण नाही. मात्र हे दोन्ही टोकांना बघावं लागेल.

मग प्लग. तारेच्या टोकाचा प्लास्टिकचा प्लग पारदर्शक असतो. तो उन्हाकडे धर आणि तोंडाच्या बाजूने आत बघ. आठ वायरींची टोकं नाकाला भिडलेली दिसली पाहिजेत, आठ तांब्याचे ठिपके एका रांगेत. एखादा ठिपका मागे राहिलाय, अंधारात आहे, असं दिसलं तर ती वायर सोनेरी पट्टीखाली पोचलेलीच नाही. मग बाजूने बघ. तारेचं बाहेरचं जाड आवरण प्लगच्या आत शिरून चिमट्याखाली दबलेलं हवं. ते बाहेरच राहिलं असेल आणि आठ नाजूक वायरी उघड्या दिसत असतील, तर प्रत्येक ओढाताणीचा भार त्यांच्यावर येतो. खुर्ची सरकली, कामवाल्या मावशींनी झाडू मारला, एवढ्याने एक सुटते. क्लिप तुटलेला प्लग तर दाखवूच नकोस मला, कापून टाक.

रंगांचा क्रम एकदा लिहून ठेव: क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर, तार आपल्याकडे, आणि मग डावीकडून पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी का घुसली, असं प्रत्येकाला वाटतं, आणि पुष्कळ लोक तिथेच शहाणपण करतात. आमच्या लॅबच्या एका मजल्याचं काम ज्या ठेकेदाराने केलं, त्याच्या माणसाने सगळ्या जोड्या ओळीने लावल्या: नारिंगी-नारिंगी, हिरवी-हिरवी, निळी-निळी, तपकिरी-तपकिरी. दोन्ही टोकांना सारख्याच. आठ दिव्यांच्या टेस्टरवर दिवे एक ते आठ क्रमाने लागायचे, तो दाखवून बिल मागायचा. आणि कॉम्प्युटर मात्र रांगायचे. कारण यंत्र तिसऱ्या आणि सहाव्या पट्टीला एक जोडी मानतं. क्रम चुकला की तिसऱ्यावर हिरव्या जोडीतली एक वायर येते आणि सहाव्यावर निळ्या जोडीतली. दोघींचा एकमेकींशी पीळ नाही. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट खोडून काढायला. तो नसला की तार जोडलेली असूनही पॅकेटं खराब होतात, पुन्हा पाठवावी लागतात. टेस्टरला फक्त तार अखंड आहे का एवढंच कळतं. कोण कुणाबरोबर पिळलंय, हे त्याला कळत नाही.

नवी तार घ्यायची वेळ आली तर आणखी एक काळजी घे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा कॅट ६ म्हणून विकल्या जातात. दुकानदार त्याला सीसीए म्हणतो आणि 'काही फरक नसतो' हेही म्हणतो. फरक असतो. ॲल्युमिनियमचा रोध जास्त, दोन-चारदा वाकवलं की तुकडा पडतो, आणि कॅट ५ ई, कॅट ६ च्या प्रमाणात ती बसतच नाही. एक वायर सोलून टोक ब्लेडने तिरकं काप. आत पांढरं चमकलं तर खोका परत दे. शुद्ध तांब्याचा खोका उचलला तरी हाताला जड लागतो. घरातल्या अंतराला कॅट ५ ई सुद्धा पुरेशी आहे. गिगाबिट तिच्यावर १०० मीटरपर्यंत चालतं आणि तुमचं घर काही तेवढं लांब नाही. कॅट ७, कॅट ८ असल्या चपट्या रिबिनी ऑनलाइन स्वस्तात दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस.

समजा तार निर्दोष निघाली, बॉक्सशी थेट जोडूनही लिंक शंभरच. मग मिनीच्या आत शिरायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीज उघडून ॲडव्हान्स्ड या टॅबवर जा. स्पीड अँड डुप्लेक्स नावाची ओळ ऑटो निगोशिएशनवर हवी. जुन्या पुस्तकी सल्ल्याप्रमाणे कुणीतरी ती '१०० फुल डुप्लेक्स' करून ठेवलेली असते. त्याने दुहेरी नुकसान होतं. एक तर वेग बांधला जातो. दुसरं, समोरचं यंत्र ऑटोवरच असतं, त्याला इकडून बोलणीच ऐकू येत नाहीत. वेग ते ओळखतं, पण दोन्ही दिशांनी एकदम बोलायचं की आळीपाळीने हे ओळखू शकत नाही आणि नियमाप्रमाणे आळीपाळीचं धरून चालतं. एक न थांबता बोलतो, दुसरा तो थांबायची वाट बघतो. मग एक दिशा बरी आणि दुसरी मेलेली असं विचित्र चित्र दिसतं. त्याच यादीत रियलटेकच्या कार्डांना ग्रीन ईथरनेट, गिगाबिट लाइट, ऑटो डिसेबल गिगाबिट आणि एनर्जी एफिशियंट ईथरनेट अशा वीज वाचवणाऱ्या ओळी असतात. वीज वाचते ती नगण्य. या एकेक करून बंद कर, दर वेळी लिंक स्पीड बघ. ड्रायव्हर मात्र मिनीच्या किंवा चिपच्या कंपनीच्या साइटवरूनच घे. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणारे प्रोग्रॅम मशीनमध्ये येऊ देऊ नकोस.

तुझ्या मिनीत अडीच गिगाबिटची इंटेल आय २२५ चिप असेल तर एक माहिती उपयोगी पडेल. तिच्या सुरुवातीच्या आवृत्तीत दोन पॅकेटांमधल्या त्या सक्तीच्या अंतराचीच गडबड होती. काही राउटर-स्विचांबरोबर अडीचवर चालताना पॅकेटं गळायची. इंटेलने २०२० मध्ये ते कबूल केलं आणि पुढच्या आवृत्तीत सुधारलं. तिथे उपाय म्हणजे वेग मुद्दाम १ गिगाबिटवर ठेवणं. स्पीड अँड डुप्लेक्स ऑटोवरून हलवायला मी देते ते एवढ्याच प्रसंगी.

वळवाच्या पावसाचंही सांगते. फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. पण गच्चीवरून किंवा शेजारच्या घरातून तांब्याची तार आणली असेल तर मे महिन्यातल्या कडकडाटात बॉक्सचं पोर्ट अर्धवट जळतं. एखादी जोडी मरते, बाकीच्या जगतात, आणि पोर्ट जन्मभरासाठी शंभरचं होऊन बसतं. दुसऱ्या पोर्टात तार लावून बघणं हाच त्याचा शोध.

आता लिंक १,००० दाखवत असूनही काम रखडत असेल तर. ऑफिसचं व्हीपीएन चालू ठेवून स्पीड टेस्ट करू नकोस. ती तुझी नाही, पुण्यातल्या तुमच्या ऑफिसची लाइन मोजते. ब्राउझर डाउनलोडचा वेग मेगाबाइटमध्ये दाखवतो आणि प्लॅन मेगाबिटमध्ये विकला जातो. आठने भागायचं. तीनशेच्या लाइनवर ३५ मेगाबाइट दिसले तर ते उत्तम आहेत. स्वस्त मिनीत एसएसडीच्या जागी ईएमएमसी असते, ती लिहायला मंद. व्हिडिओची मोठी फाइल उतरताना टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत असेल तर नेट बिचारं दाराशी ताटकळतंय.

आणि 'इंटरनेट बूस्टर' म्हणून काही टाकलं असशील तर काढ. विंडोज २० टक्के नेट स्वतःसाठी दाबून ठेवतं ही लोणकढी थाप इतकी वर्षं फिरते आहे. ती मर्यादा एखाद्या प्रोग्रॅमने मुद्दाम राखीव जागा मागितली तरच लागू होते, एरवी ते नेट तुझंच असतं. खरा धोका दुसरा आहे. असले प्रोग्रॅम कधी कधी टीसीपीचं ऑटो ट्यूनिंग बंद करून ठेवतात. मग पोच न घेता एका वेळी जास्तीत जास्त ६४ किलोबाइटच वाटेत राहू शकतात. मुंबईच्या सर्व्हरला जाऊन यायला १० मिलिसेकंद लागत असतील तर ५० च्या आसपास मेगाबिट मिळतील, आणि अमेरिकेतल्या सर्व्हरला २५० लागत असतील तर जेमतेम २. जवळची स्पीड टेस्ट बरी आणि परदेशी क्लायंटची फाइल मुंगीच्या पावलाने, असं असेल तर कमांड प्रॉम्प्टवर रोमन अक्षरांत 'नेटश इंट टीसीपी शो ग्लोबल' ही कमांड दे. ऑटो ट्यूनिंगपुढे नॉर्मल हवं.

वहिनी म्हणाली की तू व्हिडिओ अपलोड करायला लागलास की तिचा ऑनलाइन योगवर्ग गोठतो. ते या ९४ च्या प्रकरणाशी जोडू नकोस, तो वेगळा आजार आहे. राउटरच्या आत पॅकेटांची भलीमोठी रांग साचते आणि वहिनीचं चिमुकलं पॅकेट तुझ्या गठ्ठ्यांमागे उभं राहतं. अपलोड चालू असताना पिंग लावून बघ. एरवीचे दहा मिलिसेकंद तीन-चारशेवर गेले की समज. यावरचा चांगला उपाय, कोडेल, कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडला, आणि बऱ्या राउटरांत तो एसक्यूएम या नावाखाली मिळतो. तुमच्या बॉक्समध्ये नसेल तर गूगल ड्राइव्हच्या सेटिंगमध्येच अपलोडला मर्यादा घाल. लाइनच्या अपलोडपेक्षा थोडी कमी ठेवली की पुरे. रात्री दहानंतर अपलोड लावलंस तर तेही नको.

एवढं करून बॉक्सपाशी लिंक १,००० आणि तरी स्पीड टेस्टमध्ये तीनशेच्या जागी शे-दीडशेच येत असतील, तेव्हाच नेटवाल्याला फोन कर. 'नेट स्लो आहे' म्हणू नकोस. त्याला दिवसभर तेच ऐकावं लागतं. 'वायरने थेट बॉक्सला जोडलंय, लिंक गिगाबिट आहे, व्हीपीएन बंद आहे, रात्री नऊला एवढे आणि सकाळी सातला एवढे येतात' असं सांग. मग तो 'राउटर रीस्टार्ट करून बघा' म्हणणार नाही.

वायरमनला बोलवायचं झालं तर दादाने नेहमीच्या माणसाला बोलवू दे, पण क्रिंपिंग चालू असताना तू शेजारी उभा राहा आणि प्लग उन्हात धरून बघितल्याशिवाय त्याला चहा देऊ नकोस. पाइपातून नवी तार ओढायची तर एकदम दोन ओढून घे, मजुरी तेवढीच पडते. आणि हे गणपतीच्या आधी उरकून टाक. नंतर चिपळुणात दिवाळीपर्यंत एकही वायरमन मोकळा सापडत नाही.

वहिनीला आणि दादाला नमस्कार.

तुझी,
आत्या